टाळीची खूण

आसिफ आधी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. फ्लेक्स आल्यावर ते काम सुटलं. मग तो कॉम्प्युटर शिकला आणि सोलापुरात जुळे सोलापूर भागातल्या एका छोट्या ऑफिसात लागला. तिथं अंगणवाडीच्या वयाच्या पोरांसाठी कार्टूनचे व्हिडिओ बनत. त्यातलं अस्वल बोलायचं, आणि त्याच वेळी पडद्यावर खूण उमटायची. टाळी वाजवायची तर दोन हात, उठायचं तर वर जाणारा बाण, गप्प बसायचं तर ओठांवर बोट. त्या खुणा आसिफच्या हातच्या.

प्रत्येक नवा व्हिडिओ तो आधी स्वतःच्या मुलीला दाखवायचा. जोया तेव्हा दोन वर्षांची. अस्वल 'टाळी वाजव' म्हणालं की ती वाजवायची, 'ऊठ' म्हणालं की उठायची. कधी चुकली नाही.

बायकोला, शमशादला, मात्र घोर लागला होता. पोर अजून एक शब्द बोलत नव्हती.

"हाक मारली तरी वळून बघत न्हाय ही," ती म्हणाली. "कान दाखवून आणू की."

आसिफनं मोबाइल जोयापुढं धरला. तिनं टाळी वाजवली. सगळं कळतंय तिला, काही पोरं उशिरा बोलतात, असं सांगून त्यानं विषय संपवला. असं तीन-चारदा झालं. त्यात दोन वर्षं गेली.

एका रविवारी तो खुणा न घातलेला कच्चा व्हिडिओ घरी तपासत होता. अस्वल हात खाली सोडून नुसतंच 'टाळी वाजव' म्हणालं. जोया बघत राहिली. त्यानं आवाज वाढवला, मग आणखी वाढवला. स्वयंपाकघरातली शमशाद दचकून बाहेर आली. जोया पडद्यावर काहीतरी येईल म्हणून वाट बघत तशीच बसून होती.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं की तिला जन्मापासूनच जवळजवळ काही ऐकू येत नसावं. दोन वर्षांपूर्वी आणली असती तर बोलायला शिकणं पुष्कळ सोपं गेलं असतं. आता कानाला मशीन लावू, पण बोलणं कितपत येईल ते सांगता येत नाही.

रिक्षात शमशाद रडली नाही. घर जवळ आल्यावर इतकंच म्हणाली, "तुमी एकदा तरी तिला मागनं हाक मारून बघायला पायजे होतं."



जोया आता सहा वर्षांची आहे. मूकबधिर मुलांच्या शाळेत जाते, हातांनी भरभर बोलते. शमशाद तिच्याबरोबर ती भाषा शिकली. आसिफला अजून निम्मंच कळतं. शाळेतल्या बाईंनी महिनोन् महिने शिकवून जोयाकडून एक शब्द काढून घेतला, 'अब्बू'. तो 'अवू' असा येतो. पहिल्यांदा तिनं तो म्हणून दाखवला, तेव्हा आसिफ तोंड धुवायचं निमित्त करून मोरीत गेला आणि नळ सोडून बराच वेळ तिथंच उभा राहिला.