गोव्याचा तुकडा
लाखेच्या रंगाचा वास आला की अजून माझे हात गार पडतात. गोवा पोर्तुगिजांकडे होता तेव्हा आम्ही वेंगुर्ल्याच्या घरून हद्दीपलीकडे मावशीकडे निघालो होतो आणि बाबा नको म्हणत असताना मी तुकडे जुळवायचे दोन लाकडी नकाशे पिशवीत घेतले होते. दोन्ही आपल्याच किनाऱ्याचे. मावसबहिणीबरोबर शेजारी शेजारी लावून बघायचे होते. मुंबईच्या दुकानातला गुळगुळीत होता, पण त्यातला गोवा नखाएवढा, सारखा हरवायचा. सावंतवाडीच्या चिताऱ्याने केलेल्याचे तुकडे लाखेने रंगवलेले, जाड आणि घट्ट बसणारे होते. हद्दीवरच्या पोर्तुगीज चौकीत शिपायाने पिशवी उपडी केली आणि तापलेल्या बाकावर दोन्ही नकाशे सावकाश जुळवले. मुंबईच्या नकाशात त्याला गोवा सापडला. दुसऱ्यात वेंगुर्ले, सावंतवाडी आणि गोवा मिळून एकच हिरवा तुकडा होता. "गोंय खंय आसा?" त्याने बाबांना विचारलं. "बारीक तुकडो मोडात म्हणान चिताऱ्यान एकत्रच कापल्यान, सायबा," बाबा कसेबसे म्हणाले. तो त्यांना आतल्या खोलीत घेऊन गेला आणि दार लागलं. मी बाकाची कड धरून बसले. पत्र्यावर कावळा चालला तरी मी दाराकडे बघत होते. बाबा बाहेर आले तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. शिपायाने तो हिरवा तुकडा खिशात टाकला आणि आम्हाला परत पाठवलं. पुढे गोवा मोकळा झाला. माझ्या नकाशात मात्र त्या जागी अजून भोक आहे, आणि आमचं घरही त्यातच गेलेलं आहे.