दोरीला तीन हिसके

तो वास अजून आठवतो... थंड धूळ, नवं रबर, आणि त्यांच्याआड ओल्या नाण्यासारखा धातूचा दर्प. ऑफिसच्या फरशीखालच्या अंधाराचा वास. अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही ‘विश्वास’ हा शब्द मी जपूनच वापरते. घडलं तेवढंच सांगते.

२०१४ साल असावं. सिंगापूरला टॅम्पिनीसमध्ये आमच्या कंपनीचं नवं ऑफिस सुरू व्हायचं होतं आणि त्याची सारी व्यवस्था माझ्याकडे होती. तिथली जमीन पोकळ — लोखंडी पायांवर बसवलेले फरशीचे चौकोन, आणि खालच्या वीतभर पोकळीतून वायरी. रविवारी दुपारी मी पोहोचले, तर इलेक्ट्रिशियन सेल्वम एकटाच. मदतनीस आजारी.

“थ्री मॅन जॉब, मॅडम. वन स्टार्ट, वन एंड, वन मिडल. टुडे मिडल नो.”

म्हणून एका टोकाचा चौकोन उघडून तो बसला, दुसऱ्या टोकाला मी. आमच्यामधली फरशी बंद. तिच्याखालून एक नायलॉनची दोरी गेलेली. तिच्यामागून वायर ओढायची होती.

“वन टाइम मीन्स पुल. थ्री टाइम मीन्स स्टॉप. नो ड्रीमिंग आ, मॅडम!”

“यू माइंड युअर हँड, सेल्वम.”

“माय हँड व्हेरी इम्पॉर्टंट. नेक्स्ट मंथ बेबी कॅरी!”

तंजावरजवळच्या गावी झालेली मुलगी त्यानं अजून फक्त फोनवर पाहिली होती.

थोड्या वेळानं दोरी अडकली. आमच्या ऑफिसची वीज बंद होती, सेल्वमनं ती तपासलीही होती. तो पालथा झोपला आणि खांद्यापर्यंत हात आत घालून दोरी चाचपू लागला. माझ्या बोटांत दोरी ताणलेली, निश्चल.

आणि मग तीन हिसके आले. सारख्या अंतरानं, हलके... तान्हं मूल झोपलेल्या घराचं दार वाजवावं तसे.

मी दोरी सोडली. त्याच क्षणी सेल्वमनं हात बाहेर ओढला.

“व्हाय स्टॉप, मॅडम?”

“मी? यू ओन्ली सेड स्टॉप!”

“नो, मॅडम. फ्रॉम यू केम.”

त्यानं टॉर्च आत धरला. त्याची बोटं जिथवर पोहोचली होती, त्याच्या जरा पुढे आधीच्या भाडेकरूची जुनी वायर पडली होती — साल सोललेली, तांबं उघडं. टेस्टर जवळ नेताच लाल पेटला. ती शेजारच्या ऑफिसातून आली होती. आमची वीज बंद करून तिला काहीच फरक पडणार नव्हता.

सेल्वम कितीतरी वेळ स्वतःच्या तळहाताकडे बघत बसला.

नवरा इंजिनियर. नंतर त्याला सांगितलं तर म्हणाला, “अगं, अडकलेली दोरी सुटताना हिसके देतेच.” पण दोरी सुटली नव्हती, ती नंतर कापावी लागली. आणि ताण तीन मोजून थांबतो का?

त्या दुपारी बिल्डिंगच्या माणसानं येऊन ती वीज बंद केल्यावर सेल्वम खालच्या हॉकर सेंटरमधल्या टपरीवरून चहा घेऊन आला — गाठ मारलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांतला, वाफाळता, गोड वासाचा. एक पिशवी मला दिली, एक स्वतःला ठेवली. तिसरी घेऊन तो खोलीच्या मध्यावर गेला आणि बंद फरशीवरच्या एका रिकाम्या खुर्चीला त्यानं ती अलगद अडकवली.

“हूज टी इज धिस?” मी विचारलं.

“मिडल.”