लाल मातीतली संत्री

दिवाळी झाली की धाकट्या बहिणीला, शोभाला, संत्र्यांची करंडी पाठवायची, हा आमच्याकडचा नेम. तिचं सासर साकोलीच्या पुढे, बरडावर (मुरमाड, लाल टेकाडावर). आमची बाग काटोलच्या काळ्या मातीत. यंदा तिचाच फोन आला, "ताई, करंडी नको पाठवू. माह्याच बागेतली घेऊन जा."

आमची झाडं दोन वर्षांपासून पिवळी पडत होती आणि ही बरडावर संत्री पिकवते! कसं, म्हणून विचारलं तर म्हणाली, "माती आंबट होती, चुना टाकला." मी पुढचं ऐकलंच नाही. चुन्याची पोती बागेत उतरवून घेतली आणि निघताना नवऱ्याच्या हाती कामांची यादी दिली. पहिलं काम: प्रत्येक आळ्यात चुना. तिच्या मागे राहणं मला जमणार नव्हतं.

नागपूरहून सकाळची एसटी. भेट म्हणून बागेतलं एक कलम मांडीवर.

"बाई, याचं अर्धं तिकीट लागते," कंडक्टर म्हणाला.

भंडाऱ्याच्या अलीकडे ब्रेक लागला आणि कलमाच्या पिशवीतला ओला चिखल शेजारणीच्या लुगड्यावर सांडला. "काहून वं बाई, आख्खं वावर घेऊन निघाली का?" तिनं विचारलं. बस हसली. मी रुमाल पुढे केला आणि वैनगंगेचा पूल येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिले. पलीकडे कापलेल्या धानाच्या बांध्या (बांध घातलेली भाताची शेतं), मग माती हळूहळू लालसर.

शोभाची बाग पाहिली. पानं इतकी गर्द हिरवी की मला रागच आला. कीड सापडेल म्हणून चार-सहा पानं उलटी करून पाहिली. सापडली नाही.

"काय शोधून राहिली वं ताई?"

"काही नाही. छान आहे."

जेवायला भात, वांग्याची भाजी आणि लाखोळीचं वरण (ही डाळ इकडे धानाच्या पाठोपाठ पेरतात). हात धुतल्यावर कलम लावायला गेलो. पिशवी फाडताच शोभानं काळं ढेकूळ उचललं आणि ताटातली लिंबाची फोड आणून त्यावर पिळली. ढेकळावर बारीक फेस फसफसला. मग स्वतःच्या लाल मातीवर पिळली. तिला फेस आलाच नाही.

"माती तपासणारे आले होते, त्यायनं दाखवलं," ती म्हणाली. "तुह्या मातीत चुनाच चुना आहे. म्हणूनच पानं पिवळी. लोह असते मातीत, पण चुना ते झाडाले घेऊ देत नाही. अजून टाकशील तर पानं पांढरी पडतील."

मी तिथूनच फोन लावला. "अहो, चुना टाकला?"

"पहिलंच काम जड होतं, म्हणून शेवटून सुरुवात केली. आता दोन ओळी झाल्या, तिसरी..."

"थांबा! जेवढा निघेल तेवढा खरडून काढा."

शोभाला सगळं समजलं. हसली नाही, हे जास्त लागलं. "मले दर दोन-तीन वर्षांनी चुना विकत आणा लागते," ती म्हणाली. "तुले जमिनीनंच आहेर देल्ला. मले वाटे, ताईचं बरं आहे." म्हणजे इतकी वर्षं करंडी उघडताना तिलाही काहीतरी टोचत होतं. मला थोडं बरं वाटलं, हे लपवत नाही.

परतीला करंडी माझ्या मांडीवर होती. नागपूर येईपर्यंत मी नव्या कामांची यादी केली: शेणखत, लोहाची फवारणी, त्या दोन ओळींची माती तपासून घेणे. घरी पोचल्यावर तिचं एक संत्रं सोललं. आयुष्यात पहिल्यांदाच एखादं संत्रं आंबट निघावं असं मनापासून वाटलं.

गोड होतं. दुसरंही सोलून पाहिलं.