गोपिकेच्या मापाच्या वाहाणा

नंदनवन वस्तीतल्या आमच्या शेजारीण अंजनाकाकू पायात कधी काही घालत नसत. मे महिन्यात नागपूरचं डांबर पातळ होतं, कुत्रीसुद्धा रस्ता ओलांडायला संध्याकाळची वाट बघतात. अशा उन्हात काकू अनवाणी कोथिंबीर आणायला जात आणि वर भाजीवाल्यालाच म्हणत, "सुकली गा तुही कोथमीर. माह्याकडं पाह्य, मी सुकली का?"

एकदा मी कारण विचारलं.

"मोठ्या जावेच्या पायात धड नाई," काकू म्हणाल्या, "तिच्याआधी मी कशी घालू?"

ही मोठी जाऊ म्हणजे गोपिका. ती वारून पस्तीस वर्षं झाली होती.

सावनेरकडच्या त्यांच्या सासरी सुनांनी वडीलधाऱ्यांसमोर पायात घालायची रीत नव्हती, आणि वडीलधारे तर घरभर. गोपिका एकोणिसाव्या वर्षी तापानं गेली, तोवर तिच्या पायाला कातडं लागलं नव्हतं. मेल्यावर मात्र घरात सगळ्यांना तिच्या पायांची काळजी. पुढची वाट तापलेली असते म्हणून तेरवीला तिच्या नावानं छत्री दिली, वाहाणा दिल्या. घेणारे भटजी, म्हणून मापही भटजींचं. नऊ नंबर. मेलेल्या बाईचे पाय केवढे होते हे मांडवात एकाच्याही मनात आलं नाही. आलं ते सोळा वर्षांच्या धाकट्या जावेच्या, आणि तिला तोंड उघडायची परवानगी नव्हती.

तेव्हापासून दुपार कलायला लागली की काकूंना ऐकू येई. फटॅक... फटॅक. मोठ्या वाहाणेत लहान पाय.

"वाहाण मांगं राहून जाते, मंग उभी राहाते, मंग पाय खुपसते," काकू सांगत. "पस्तीस वर्षांत किती चालली असन वं माय."

"मग लहान मापाच्या देऊन टाका ना, काकू!"

"माप कोन घेतलं होतं तिचं? चुकीच्या पुन्हा देऊ? एक डाव फसवलं तिले, तेवढं पुरे नाई झालं?"

 

शहात्तर साली संग्रहालयात स्त्रियांच्या पादत्राणांच्या इतिहासाचं प्रदर्शन भरलं. मी काकूंना घेऊन गेलो, थोडं गंमत म्हणूनच. पायताणांच्या त्या दरबारात अनवाणी आलेली बाई एकटीच. चांदीच्या खुंटीच्या खडावा, जरीच्या मोजड्या, मडमांचे बटणांचे बूट. उंच टाचेपाशी काकू थबकल्या. "हे बाई घोड्यावरून उतरलीच नाई वाटते." चीनमधल्या, बांधून लहान ठेवलेल्या पायांच्या मुठीएवढ्या जोड्यापाशी मात्र हसल्या नाहीत. "इतकुशा पायानं कुठवर पोचली असन, केशव?"

शेवटच्या कपाटात एक साधी मोजडी होती. काकूंनी काचेवर तळहात टेकवला, वीत पसरली आणि तशाच राहिल्या.

"एक वीत अन् दोन बोटं. जायच्या दिवशी मीच धुतले होते पाय तिचे." पस्तीस वर्षं काकू ते माप डोळ्यांना विचारत होत्या, हातांना विचारायचं राहूनच गेलं होतं.

"बाई, काचेले हात लावू नका," रुपराव नावाचा पहारेकरी म्हणाला.

"घालाची नाई मले. एक डाव हातात धराची हाय."

"ते होत नाई."

तेवढ्यात शेजारच्या दालनातून आवाज आला. फटॅक... मग थांबणं... फटॅक. मी रुपरावच्या पायांकडे पाहिलं. कॅनव्हासचे बूट, आणि तो जागचा हललेला नव्हता.

"तिकडं कोण आहे?" मी विचारलं.

"कोनी नाई. कुलूप हाय त्याले." किल्ली त्याच्याच मुठीत होती.

काकूंना मात्र आश्चर्य वाटलं नाही. त्यांनी रुपरावला सगळं सांगितलं. तो मौद्याकडचा, ऐकता ऐकता भिंतीला टेकला. "आमच्या मायच्या तेरवीलेबी," तो हळू म्हणाला, "आमी बाप्याच्या मापाचेच जोडे देल्ले." आणि त्यानं कपाट उघडलं.

काकूंनी डोळे मिटून मोजडीचा तळवा हातावर घेतला. "हेच." पदराचा धागा टाचेपासून टोकापर्यंत धरला आणि दातानं तोडला. रुपरावनं तो धागा दोनदा निरखला. त्याला आईचं माप आठवत नव्हतं.

महाल पेठेतला मोची धागा पाहून वैतागला. "बाईलेच आना न इथं."

"तिले थांबता येत नाई."

"माप कवाचं हाय? पाय वाढला असन."

"नाई वाढत. पस्तीस वर्षं झाली, अजून एकोनीसचीच हाय."

मोच्यानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या खिळ्यांकडे.

वाहाणा तयार झाल्या; आता त्यांचं दान घ्यायला भटजी नको, मापाचीच बाई हवी. काकू धागा घेऊन घरोघर पोरींचे पाय मोजत फिरल्या. धागा जुळला तो मागच्या गल्लीतल्या प्रेमिलाला. वैशाखात लग्न होऊन आलेली, वय एकोणीस.

"मेलेल्या बाईच्या नावाच्या हायेत," काकूंनी स्पष्ट सांगितलं. "भेव वाटत असन तर नको घेऊ."

"भेव काहून? तिच्या पायात कोनी धड देल्लं नाई, तिनं मले काहून भेववाव?" प्रेमिलानं वाहाणा घातल्या. "किती चालू?"

"दिसेनाशी होईपर्यंत."

भर दुपार होती. प्रेमिला फाटकाबाहेर पडली आणि पूर्वेच्या रस्त्यानं चालू लागली. पन्नाशी उलटलेल्या काकूंनी डोक्यावरचा पदर धाकट्या सुनेसारखा कपाळावर ओढला आणि त्या पाठमोऱ्या पोरीला हात जोडले.

"जाऊबाई," त्या म्हणाल्या, "मांगं वळून नका पाहू आता."