उन्हात राहिलेली नळी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळही नाही. आता सांगायलाच बसले आहे, तर आडपडदा कशाला?

मी लॅब टेक्निशियन. तेव्हा शिरूरच्या एका लहान हॉस्पिटलात होते. बाळाची कावीळ किती वाढली आहे ते रक्तातल्या बिलिरुबिनवरून कळतं. त्यासाठी घेतलेल्या रक्ताच्या नळीला काळा कागद गुंडाळायचा असतो. नळी उन्हात राहिली तर बिलिरुबिन मोडतं आणि आकडा खोटा येतो — कमी. मला हे ठाऊक नव्हतं का? नव्या मुलींना मीच यावरून फैलावर घ्यायचे.

त्या सकाळी न्हावऱ्याच्या एका बाईचं चार दिवसांचं बाळ आलं. रक्त घेतलं, नळी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. कागद गुंडाळणारच होते — तेवढ्यात नर्सच्या खोलीतून हाक आली, साडीवाली आली आहे. पाच मिनिटांत येते म्हणून गेले आणि तासाभराने परतले. एक हिरवी साडी घेऊन. नळीवर सरळ ऊन पडलेलं, हाताला गरम लागत होती.

पुन्हा रक्त घ्यायचं तर डॉक्टरांना कारण द्यावं लागणार. काय सांगणार होते — साड्या बघत होते म्हणून? मी तेच रक्त मशीनला लावलं. अकरा आलं, म्हणजे काळजीचं कारण नाही असं. बाळ दिसत होतं बरंच पिवळं, आकडा त्याला जुळत नव्हता. तरी रिपोर्टवर सही केली. डॉक्टरांनी बाळाला घरी सोडलं.

तिसऱ्या दिवशी ते परत आलं. दूध ओढत नव्हतं, अंग ताठ झालेलं. गाडी करून पुण्याला पाठवायचं ठरलं. गाडीची वाट बघताना सासू सुनेवर ओरडत होती, "पोर हळदीवानी पिवळं झालं, आन् तू नुसती बघत बसलीस व्हय गं?"

"रिपोर्ट चांगला आला व्हता, आत्या," ती एवढंच म्हणाली.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "सॅम्पल झाकलं होतं ना?"

"हो सर," मी म्हणाले. तिच्या समोर.

साडीचा मोह झाला, हे एक वेळ चूक म्हणता येईल. पण हे 'हो सर'? ते मी पूर्ण शुद्धीवर बोलले. नोकरीची भीती वाटली, दुसरं काही नाही.

पोर वाचलं. पण कावीळ मेंदूपर्यंत चढली होती, त्यामुळे त्याला ऐकू येत नाही, हे पुढे नर्सकडून कळलं. मग मी नोकरी बदलून दौंडला आले.

गेल्या वर्षी दौंडच्या एसटी स्टँडवर ती भेटली. मुलगा सात-आठ वर्षांचा, आईच्या हातांकडे बघत खुणांनी बोलणारा. तिनंच मला ओळखलं.

"ताई, तुमी तपासलं तवा समदं चांगलं व्हतं बगा. घरी गेल्यावर माजंच ध्यान न्हाई राह्यलं. मीच घात केला पोराचा."

इतकी वर्षं घरात तिला जे ऐकवलं, ते आता ती स्वतःच बोलत होती. आसपास कुणी नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं.

"मनाला लावून घेऊ नका," मी म्हणाले.

तिनं डोळे पुसले, पोराला खूण करून माझ्या पाया पडायला सांगितलं. तो वाकला. मी पाय मागे घेतले नाहीत.