पहिल्या बाराआधीचा फोन

आमच्या शारजाच्या शूटिंग क्लबात जुन्या बंदुकांची काडतुसं भरतात ते रत्नागिरीचे चाचा. हातानं ओतलेल्या शिशाच्या गोळीला दारू किती, हे कुठल्याच पुस्तकात नाही. जास्त झाली तर बंदूकच फुटायची, म्हणून चाचा कमीपासून सुरू करतात, कणाकणानं वाढवतात. मॅनेजर "यल्ला, यल्ला" करत घाई लावत राहतो. उडवल्यावर रिकामं काडतूस जरा फुगलेलं दिसलं, की चाचा म्हणतात, "खलास," आणि दारू वाढवणं तिथंच थांबवतात.

नव्या भरणीचा पहिला बार ते स्वतः काढतात, आम्हाला भिंतीमागे पाठवून. त्याआधी बायकोला फोन.

"अगो, मासे काय आणलेस?"

"बांगडे."

"बरं, थांब हां."

बार झाला, की पुन्हा फोन. "तळलेस की कालवण?"

एकदा मी विचारलं, "चाचा, एकदाच का नाही बोलून घेत?"

"बोलणं अर्धं राहिलेलं असलं, की हात घाई करत नाही."