अर्ध्यावरचं गाणं

पोंभुर्ण्याच्या बसस्टँडमागे लटारूभाऊंचं कॉम्प्युटरचं दुकान आहे, आणि तिथे ब्राउझरची बाजू घेणाऱ्याची खैर नसते. "ब्राउझरनं पान दाखवावं. फाइल उतरवाचं काम त्याचं नाई," असं ते स्वतःच्या पदरचा चहा पाजून सांगतात. नेट तुटलं की ब्राउझरमधलं डाउनलोड पहिल्यापासून सुरू होतं, याचा त्यांना पूर्वी चांगलाच मनस्ताप झाला होता. तेव्हापासून फाइली उतरवायचं एक वेगळं सॉफ्टवेअर त्यांनी पोटच्या पोरासारखं जपलं. माणूस हट्टी, पण मनाने लोण्यासारखा.

एकदा बुधरीबाई नातीला, रीनाला घेऊन आली. बुधरीबाईचा नवरा झिंगू दिवाळीनंतर वारला होता. त्याचं गोंडी गाणं कॉलेजच्या मुलांनी कधीतरी रेकॉर्ड केलं होतं. त्याची लिंक रीनाच्या फोनवर आली होती, आणि ती त्याच संध्याकाळी बंद होणार होती. झिंगूचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता.

"काही चिंता करू नोको, बाई," भाऊ म्हणाले. त्यांच्या सॉफ्टवेअरने बघता बघता फाइल आणली. उघडली तर गाणं कुठलं, नुसतं लॉगिनचं पान! रीनाचं लॉगिन होतं तिच्या फोनच्या ब्राउझरमध्ये.

"काका, फोनमधूनच उतरवू का?"

"तुटन ना वं ते!"

रीनाने तरी उतरवायला घेतलं, आणि अर्ध्यावर नेट गेलंच. आपलं खरं ठरल्याचा भाऊंना जराही आनंद झाला नाही. तोंड एवढंसं करून ते बसून राहिले.

बुधरीबाई शांत होती. "मोहफुलाची टोपली अर्धी भरून झाडाखाली ठेवली, त कोनी सांडते का? हात बी लावत नाई कोनी. मंग आपून तिथूनच येचाचं."

नेट आलं. रीनाने बटण दाबलं आणि ब्राउझरने खरंच अर्ध्यापासून पुढे उतरवलं.

"मंग उतरवाचं काम राहू दे बाप्पा ब्राउझरातच," भाऊ म्हणाले. "लोकाइले माह्या दुकानात येवाचं काम नाई पडन."

गाणं लागलं. मध्येच झिंगू थांबला, खोकला, आणि बुधरीला हाक मारून त्याने पाणी मागितलं.

बुधरीबाई उठली. भाऊंच्या माठातून गडूभर पाणी घेऊन वळली आणि तशीच उभी राहिली.

भाऊंना रडू आवरेना. त्यांनी तिच्या हातातला गडू घेतला आणि फोनशेजारी ठेवला.